रिकाम्या लोट्याचं वजन

जादूच्या खेळात मुलीला करवतीनं कापतात, पुन्हा जोडतात, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवून मध्यंतरात बटाटावडा खायला निघून जातात. मुलगी जोडली जाणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिकीट लावून, पहिल्या रांगेत नगरसेवकाला बसवून कोण कुणाला खरोखर कापणार? (१९५६ साली बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात जादूगार पी. सी. सरकारांनी एका मुलीला कापलं आणि पुढचं काही दिसायच्या आत कार्यक्रमाची वेळ संपली. मुलगी गेली असं समजून लोकांनी फोन करकरून बीबीसीला भंडावलं. पण ते इंग्रज. वेळ संपली की कार्यक्रम संपतो, असं त्यांच्याकडेच चालतं. आपल्याकडे मुलगी जोडून, तिचा सत्कार होऊन, आभारप्रदर्शनही झालं असतं.)

लोट्याचं मात्र वेगळं आहे. याच सरकारांच्या खेळात टेबलावर एक साधा लोटा असायचा. मोठमोठ्या प्रयोगांच्या मध्येमध्ये ते त्याच्याकडे वळायचे, लोटा उपडा करून शेवटच्या थेंबापर्यंत पाणी ओतून दाखवायचे, ‘वॉटर ऑफ इंडिया’ म्हणायचे आणि पुढच्या प्रयोगाला लागायचे. थोड्या वेळानं पुन्हा तोच लोटा, पुन्हा पाणी. पुढं देशभरातल्या लहानमोठ्या जादूगारांनी हा लोटा उचलला. तो आता शाळेच्या स्नेहसंमेलनातही दिसतो आणि चौकातल्या मांडवातही. घरी जाताना, गायब केलेला हत्ती कुठं गेला हे मुलं विचारत नाहीत. विचारतात, ‘बाबा, लोट्यात पाणी कुठून आलं?’ बाबा म्हणतात, ‘हातचलाखी असते ती,’ म्हणजे बाबांना माहीत नसतं.

आता जादूचं रहस्य फोडू नये असा दंडक आहे. पण हे रहस्य फोडणारे गेली दोन हजार वर्षं होत आलेत, तेव्हा पाप लागायचंच असेल तर त्या रांगेत मी बराच मागं उभा असेन. लोट्याच्या आत आणखी एक लोटा असतो. आपल्याला दिसतो तो आतला. दोघांच्या भिंतींमधली पोकळी दिसत नाही, कारण दोन्ही भांडी काठाशी झाळून एक केलेली असतात. आतल्या भांड्याच्या तळाशी एक भोक, आणि बाहेरच्या भांड्याच्या गळ्यापाशी एक बारीक भोक. गळ्यापाशी अंगठा दाबून धरला की पोकळीत हवा शिरत नाही, आणि हवा शिरत नाही म्हणून पाणीही निघत नाही. लोटा उपडा केला की आतल्या भांड्यातलं पाणी सांडतं, पोकळीतलं जागच्या जागी बसून राहतं. लोटा सरळ ठेवून अंगठा उचलला की वरून हवा आत येते आणि तळाच्या भोकातून पाणी आतल्या भांड्यात चढायला लागतं, ते दोन्हीकडची पातळी सारखी होईपर्यंत. शाळेत हे हवेचा दाब आणि पाण्याची समान पातळी अशा दोन धड्यांत येऊन गेलेलं असतं. दोन्ही धड्यांच्या वेळी आपण खिडकीबाहेर बघत होतो. जादूगार फळ्याकडे बघत होता, एवढाच काय तो फरक.

पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉननं ‘न्यूमॅटिका’ या ग्रंथात असल्या भांड्यांची जत्राच भरवली आहे. एकाच सुरईतून हवं तेव्हा पाणी, हवी तेव्हा दारू. देवळात नाणं टाकलं की मोजून तीर्थ देणारं यंत्र. आणि कितीही प्यायलं तरी पुन्हा तेवढाच भरणारा वाडगा. या वाडग्याला जोडलेल्या दुसऱ्या भांड्यात एक तरंगता तुकडा असे. पातळी उतरली की तोही उतरायचा, झडप उघडायची. पातळी चढली की झडप बंद. हा वाडगा आज घरोघरी आहे. संडासातल्या फ्लशच्या टाकीत तो बसवलेला असतो. अलेक्झांड्रियातल्या पाहुण्यांना ज्यानं थक्क केलं असेल, त्याच चमत्काराबद्दल आपले पाहुणे बाहेर आल्यावर म्हणतात, ‘तुमचा बॉलकॉक गळतोय.’

आमच्या सोसायटीतल्या काकांनी यंदा गणपतीतल्या विविध गुणदर्शनासाठी लोटा करायला घेतला, तेव्हा त्यांना यातलं सगळं माहीत होतं. काकांनी नोकरीची सगळी वर्षं एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलेली, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी संसार केलेला. जादूच्या सामानाच्या दुकानात ॲल्युमिनियमचा तयार लोटा मिळतो हे मी त्यांना सांगून पाहिलं. ‘विकत आणली तर ती जादू कसली? ती खरेदी,’ असं म्हणून त्यांनी मला ड्रॉइंग दाखवलं. तीन बाजूंनी काढलेलं, मापं घातलेलं, खाली सही आणि तारीख. पेटंट ऑफिसला पाठवलं असतं तरी चाललं असतं, असं होतं.

ड्रॉइंग घेऊन आम्ही पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेलो. पेशवाईपासून या आळीत तांब्यापितळेची भांडी घडतात आणि मठारकामाचा ठोका आजही रस्त्यावर ऐकू येतो. कारागिरानं कागद आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला.

‘भांड्यात भांडं कशाला?’

‘पाणी लपवायला,’ काका म्हणाले.

‘कुणापासून?’

काका माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीवरच्या बंबाकडे बघायला लागलो.

‘बरं, आणि ही दोन भोकं?’

‘ती पाडून पाहिजेत. एक तळाला, एक गळ्याला.’

‘अहो साहेब, लोक भोक पडलेलं भांडं आणतात आणि बुजवून द्या म्हणतात. आमच्या बापजाद्यांनी तेच केलं. नवंकोरं भांडं घडवायचं आणि आपणच त्याला भोक पाडून द्यायचं? शेजारचा काय म्हणेल मला?’

शेवटी, शेजारी जेवायला गेला की भोकं पाडायची, असं ठरलं. माणूस कसलेला होता. लोटा असा घडवला की दुहेरी आहे हे हात घालूनही कळू नये. तरी पहिला लोटा जादू करेना. उपडा केला की थेट शेवटपर्यंत रिकामा व्हायचा, अगदी प्रामाणिकपणे. काठाच्या डाखात कुठंतरी सुईच्या टोकाएवढी फट राहिली होती आणि तेवढ्यातून हवा आत जात होती. पाणी गळत नाही अशा फटीतूनही हवा जाते, आणि या धंद्यात पाण्यापेक्षा हवेलाच जास्त सांभाळावं लागतं. काकांनी मग पंक्चर काढणाऱ्याची रीत वापरली. गळ्याच्या भोकातून फुंकर मारत लोटा बादलीत बुडवला आणि बुडबुडा कुठून येतो ते पेन्सिलीनं खूण करून ठेवलं. खूण पाण्यात पुसली जायची. पुन्हा बुडवायचा. काकू मधूनच येऊन बादली मागायच्या आणि न घेता परत जायच्या.

हवा कोंडली गेल्यावर तळाच्या भोकाचा प्रश्न आला, आणि इथं मला जादूगारांच्या एका मोठ्या सवयीचं कारण सापडलं. भोक फार मोठं केलं, तर लोटा उपडा असताना त्यातूनच हवा वर घुसते आणि पोकळीतलं पाणी गुडगुड करत बाहेर येतं. भोक लहान ठेवलं, तर पाण्याचं ताणलेलं पृष्ठ त्याच्या तोंडाशी पडद्यासारखं राहतं, एक थेंब हलत नाही. पण मग लोटा पुन्हा भरायला फार वेळ लागतो. भोकाचा व्यास निम्मा केला की पाणी साधारण चौथ्या हिश्श्यानं येतं. या वेळात जादूगारानं काय करायचं? बोलायचं. ‘सभ्य स्त्रीपुरुषहो, बालमित्रांनो, माझे गुरू मला म्हणाले...’ इथपासून जी गाडी सुटते ती लोटा भरेपर्यंत. जादूगार एवढे बोलतात याला लोक त्यांचा स्वभाव समजतात. ते भोकाचं माप असतं. भरताना होणारा बुडबुड आवाज झाकायला मागं बँड लागतो, हाही त्याचाच पुढचा खर्च.

काकांनी व्यासाचा तक्ता केला. अडचण अशी की काका स्वभावानं मितभाषी. त्यांच्या बोलण्याच्या बेतानं भोक ठेवलं असतं तर लोट्याला तळच उरला नसता.

मग गणित. काकांच्या लोट्यात सगळं मिळून दोन लिटर पाणी मावतं, पाव हिस्सा आतल्या भांड्यात, पाऊण पोकळीत. पहिल्यांदा ओतलं की अर्धा लिटर पडतं. उरलेलं पाणी पुन्हा दोन्हीकडे समान पातळीला येतं, म्हणून दुसऱ्या खेपेला पाऊणपट, म्हणजे ३७५ मिलिलिटर. मग २८१. मग २११. प्रत्येक खेपेला आधीच्या पाऊणपट. दहाव्या खेपेला जेमतेम ३८ मिलिलिटर, औषधाच्या सातआठ चमच्यांइतकं. पण गंमत बघा, पाऊणपटीचं पाऊणपट करत गेलं तर हिशेबात शून्य कधीच येत नाही. कागदावर हा लोटा खरोखरच अक्षय आहे. संपत कधीच नाही, फक्त प्यायला काही मिळत नाही. सरकारी योजनांचा अभ्यास असणाऱ्याला हे लगेच कळेल.

त्यामुळे जादूगाराचा खरा शत्रू संशयखोर प्रेक्षक नव्हे, मोजणारा प्रेक्षक. पाणी ओतायला पारदर्शक भांडं कधी घेत नाहीत ते याचसाठी. काचेच्या बरणीत सगळ्या खेपा साठल्या असत्या, तर तळाशी निवांत पडलेलं दोन लिटर पाणी पाहून लोकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले असते. शेवटच्या खेपांना हात उंच नेऊन बारीक धार धरतात. धार जितकी बारीक तितकी ती टिकते, आणि लोकांच्या डोळ्यांना लांबी आणि माप यांत फरक करता येत नाही. आमचा दूधवाला धार याच उंचीवरून धरतो.

एवढं सगळं जमलं. अंगठा सवयीनं भोकावर जायला लागला. न बघता सापडावा म्हणून काकांनी भोकाशेजारी एक बारीक पोचा पाडून घेतला (तोही शेजारी जेवायला गेल्यावर). रंगीत तालीम दिवाणखान्यात झाली. प्रेक्षक काकू आणि मी. काकांनी लोटा उपडा केला, पाणी पडलं, लोटा हलवून रिकामा असल्याचं दाखवलं आणि तो अलगद टेबलावर ठेवला.

‘आत पाणी आहे,’ काकू म्हणाल्या.

‘कशावरून?’

‘रिकामं भांडं कुणी असं दोन हातांनी, पोटाशी धरून ठेवतं का? तुम्ही तर नाहीच. रिकामा कुकर तुम्ही ओट्यावर आदळता.’

काका गप्प झाले, कारण लोटा ठेवताना त्यांच्या हातात दीड किलो पाणी आणि वर तांब्याचं वजन होतं. टूलरूमचा माणूस, त्यानं फट बुजवली, भोक बेतलं, पातळी जुळवली. पण लोटा सारखा भरून दाखवणं हे या खेळातलं काम नाहीच. लोटा भरलेलाच असतो. तो रिकामा दाखवणं हे काम, आणि त्याचं ड्रॉइंग काढता येत नाही. दीड किलोचं भांडं दोन बोटांत धरल्यासारखं धरायचं, मनगटात ताण दिसू द्यायचा नाही, ठेवताना रिकाम्या तांब्याला साजेसा ठण् आवाज काढायचा, आणि चेहऱ्यावर ‘संपलं बुवा’ असा भाव.

तो भाव काकूंना शिकवावा लागला नसता. दिवाळीत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांसमोर चकलीचा डबा उलटा करून दाखवतात. चुरा पडतो. ‘संपल्या,’ असं इतक्या सहजपणे म्हणतात की मुलं दुसऱ्या खोलीत निघून जातात. मग तुळशीच्या लग्नाला आयत्या वेळी पाहुणे आले की चकल्या येतात. ताज्या, कुरकुरीत, ताट भरून. कुठून येतात हे काकांना सगळ्या संसारात कळलेलं नाही. फटी शोधून काढणाऱ्या माणसाला स्वतःच्या स्वयंपाकघरातली पोकळी सापडली नाही.

महाभारतातलं अक्षयपात्रही तांब्याचंच होतं. सूर्यानं ते युधिष्ठिराला दिलं, पण चालवलं द्रौपदीनं. त्याची अट अशी की द्रौपदीचं जेवण होईपर्यंतच अन्न मिळणार, त्यानंतर पुरवठा बंद, आणि नेमके दुर्वास ऋषी शिष्यांचा तांडा घेऊन त्यानंतर आले. पुण्यात पाण्याच्या वेळा पाळणाऱ्या कुणालाही ही गोष्ट पौराणिक वाटणार नाही. दैवी भांडं असूनही वेळापत्रक सुटलेलं नाही, हे मला त्या कथेतलं सगळ्यात खरं वाटतं.

काकूंनी मग शिकवणी घेतली. ‘लोट्याकडे बघू नका. रिकाम्या डब्याकडे कोण बघतं? बोलताना दुसरंच काहीतरी बोला. आणि आधी खरोखरच रिकामा असलेला लोटा उचलायची सवय करा, म्हणजे हाताला कळेल.’ काका आठवडाभर साधा तांब्या उचलून ठेवत होते. प्यायला पाणी मागणाऱ्याला ते मिळत नव्हतं, कारण तांब्या तालमीत असायचा.

गणपतीतला कार्यक्रम चांगला झाला. भावगीतानंतर काका आले, लोटा ओतून गेले. वेशभूषा स्पर्धेनंतर आले, ओतून गेले. तिसऱ्या खेपेला पोरं आधीच ‘वॉटर ऑफ इंडिया’ ओरडायला लागली. चौथ्या खेपेला मागच्या खुर्च्यांवरून आवाज आला, ‘काका, हा लोटा गच्चीवरच्या टाकीला जोडा, टँकर बंद करू!’ सोसायटीचे खजिनदार हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत मला एक हिशेब दिसला. पुढं बसलेल्या एका पोरानं मात्र ‘मी उलटा करू का?’ असं विचारलं. मोजणाऱ्या माणसानंतर जादूगार घाबरतो तो या पोराला. काकांना काही सुचेना, तेव्हा काकू विंगेतून म्हणाल्या, ‘आधी प्रसाद घे बाळा, हात चिकट नकोत लोट्याला.’ पोरगं प्रसादाला गेलं, मोदक मिळाला, लोटा विसरला. मला वाटतं, त्या संध्याकाळची जादू ही होती.

एवढ्यावर काका थांबले असते. पण कुणीतरी त्यांना रॉबेर-हूदँबद्दल सांगितलं (मीच). हा फ्रेंच माणूस मुळात घड्याळजी, म्हणजे काकांच्याच बिरादरीतला. त्यानं १८४७ साली पॅरिसच्या रंगमंचावर एक बाटली आणली. प्रेक्षकांनी नाव घ्यावं आणि बाटलीतून ते पेय निघावं. असली बाटली आतून कशी असते ते पुढं १८७६ साली ‘प्रोफेसर हॉफमन’ या नावानं लिहिणाऱ्या एका इंग्रज वकिलानं ‘मॉडर्न मॅजिक’ या पुस्तकात छापून टाकलं. (वकिलाला जादूगाराचं रहस्य फोडायला काही वाटलं नाही, ते अशिलाचं नव्हतं.) बाटली काचेची दिसते, पण असते पत्र्याची, काळं रोगण दिलेली. आत पाच कप्पे, प्रत्येक कप्प्याची नळी गळ्यापर्यंत गेलेली. बाटलीच्या अंगाला पाच भोकं, हाताच्या पाच बोटांखाली येतील अशी. ज्या कप्प्यातलं पेय हवं त्यावरचं बोट उचलायचं. पेले लहान आणि जाड काचेचे, त्यात दिसतं त्यापेक्षा पुष्कळ कमी मावतं. पेल्यांच्या तळाशी आधीच वेगवेगळ्या अर्कांचे थेंब टाकून ठेवले, की पाच पेयांची पंधरा होतात.

काकांनी बाटली केली. या वेळी आळीत न जाता घरीच, पत्र्याची. काकूंनी पाच कप्पे वाटून दिले: चहा, बिनसाखरेचा चहा, कॉफी, ताक आणि सोलकढी. चहा पहिल्याच दिवशी बाद झाला. गरम चहा कोंडला की वरची हवा फुगते, मग बोट घट्ट दाबलेलं असूनही चहा गळ्यातून स्वतःच्या मर्जीनं बाहेर उडतो. तो काकांच्या सदऱ्यावर गेला. त्यामुळे चहाच्या जागी पन्हं आणि कोकम सरबत आलं, कॉफी थंड झाली. सगळं कागदावर बसलं. मग काकांच्या साडूंनी घरी आल्यावर सोलकढी मागितली.

सोलकढी अनामिकेखाली होती. आता, वाचकांपैकी ज्यांच्याकडे बाटली असेल त्यांनी पाची बोटं तिच्यावर ठेवून फक्त अनामिका उचलून बघावी. ती एकटी निघत नाही. मधल्या बोटाला किंवा करंगळीला बरोबर घेऊनच उठते; माणसाच्या हातात स्नायूंची बांधणीच तशी आहे आणि रॉबेर-हूदँनं त्यावर काय मेहनत घेतली असेल ते त्यालाच माहीत. साडूंच्या पेल्यात सोलकढीबरोबर कॉफी उतरली. साडू कोकणातले. त्यांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला, आणि मुलीच्या लग्नाची तारीख सांगायला आले होते ती न सांगताच निघून गेले.

अनामिका मोकळी व्हावी म्हणून काका आता बासरीच्या क्लासला जातात. क्लास का लावला हे त्यांनी गुरुजींना सांगितलेलं नाही. गुरुजी परवा जिन्यात भेटले, तेव्हा काकांचं कौतुक करत होते. या वयात असा विद्यार्थी मिळत नाही म्हणाले, वेळेवर येतात, सूर कळतो, भोकं तर अशी घट्ट झाकतात की हवेचा कण सुटत नाही. ‘फक्त उचलायला सांगितलं ना, की आधी वाकून बासरीखाली पेला आहे का ते बघतात.’